बंगल्यातला स्विमिंग पूल हिरवा झालाय? पाणी सोडण्याआधी हे वाचा

कर्जत, अलिबाग, लोणावळा, सावंतवाडी, गोवा. हौसेने बंगला बांधून त्यात पूल केलेल्या माणसाला पावसाळ्यात एक फोन ठरलेला असतो. "साहेब, पूल हिरवा झालाय. दोन डबे पावडर टाकली, तरी काही फरक नाही." वीज गेल्याने पंप बंद, वरून धो-धो पाऊस, पाण्यात पानांचा खच आणि क्लोरीन केव्हाच संपलेला. शेवाळाला एवढं पुरतं.

मग सल्ले सुरू होतात. पाणी सोडून द्या. मोरचूद टाका. आणखी पावडर टाका. तिन्ही महागात पडतात, का ते पुढे येईलच. शेवाळ क्लोरीननेच मरतं, पण एकदा भसकन ओतून मोकळं होता येत नाही. आधी क्लोरीनला काम करता येईल असं पाणी तयार करायचं, आणि मग शेवाळ पूर्ण मरेपर्यंत क्लोरीनची पातळी खाली येऊ द्यायची नाही. फिकट हिरवं पाणी दोन-तीन दिवसांत सुधारतं. तळ दिसत नसेल तर आठवडा धरून चाला, आणि त्या शनिवार-रविवारी पाहुणे बोलावले असतील तर आत्ताच नाही म्हणून कळवा.

तोवर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडालेलं मूलही दिसत नाही, हे पहिलं कारण. दुसरं असं की, ज्या पाण्यात शेवाळ सुखाने वाढतंय तिथे जंतूही वाढू शकतात. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूवर हल्ला करणाऱ्या अमिबाने जे बळी घेतले, तो अमिबा क्लोरीन नसलेल्या कोमट गोड्या पाण्यात वाढतो.

१. आधी खात्री करा, हे शेवाळच आहे ना?

पाणी गढूळ हिरवं, भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत: हे नेहमीचं हिरवं शेवाळ. मारायला सगळ्यात सोपं.

सावलीतल्या भिंतीवर पिवळसर थर, ब्रश लावला की धुळीसारखा उडतो आणि दोन दिवसांत परत त्याच जागी येऊन बसतो: हे पिवळं शेवाळ. चिवट असतं. ब्रश, पाइप, पाण्यातली खेळणी, सगळ्यांवर बसून ते परत येतं, म्हणून ही सगळी सामग्रीही क्लोरीनच्या पाण्यात बुडवून काढावी लागते.

टाइल्सच्या सांध्यांत काळे-निळे ठिपके, घासूनही न निघणारे: हे काळं शेवाळ, म्हणजे खरं तर एक प्रकारचे जिवाणू. त्यांची मुळं म्हणावीत अशी पकड ग्राउटच्या (सांध्यांत भरलेल्या मसाल्याच्या) आत असते.

आणि पाणी हिरवट किंवा चहासारखं, पण आरपार स्वच्छ, त्यातही क्लोरीन टाकल्यावरच रंग बदललेला असेल, तर ते शेवाळ नसून बहुधा बोअरच्या पाण्यातलं लोह आहे. पांढऱ्या बादलीत ताजं बोअरचं पाणी घ्या, चिमूटभर क्लोरीन टाका आणि थोडा वेळ थांबा. पाणी तांबूस झालं तर उत्तर मिळालं. अशा पूलमध्ये कितीही क्लोरीन ओतला तरी रंग जाणार नाही, उलट वाढेल.

२. पूल रिकामा करू नका

हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात धोक्याचा आहे. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर भूजल जमिनीच्या अगदी जवळ आलेलं असतं. पूल भरलेला असताना आतल्या पाण्याचं वजन त्याला खाली दाबून धरतं. रिकामा केलात की खालच्या पाण्याचा दाब त्याला वर ढकलतो. तळाच्या टाइल्स उखडतात, काँक्रीटला तडा जातो, फायबरचा पूल तर अख्खा वर उचलला जातो. दुरुस्तीचा खर्च आणि एका आठवड्याचा क्लोरीन यांची तुलनाच होऊ शकत नाही.

उन्हाळ्यात हा धोका कमी, पण तेव्हा चाळीस हजार लिटर पाणी आणणार कुठून? टँकरने आणलं तरी तेही क्लोरीन टाकून पुन्हा नीट करावं लागतंच. थोडं पाणी बदलण्याची एक वेळ येते, ती पाचव्या पायरीत.

३. काय काय लागेल

- डीपीडी पद्धतीचं टेस्ट किट, ज्यात पाणी गुलाबी होतं. पाणी पिवळं करणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला कामाचा किती आणि वापरून संपलेला किती, हे त्यावरून कळत नाही.
- सायन्युरिक आम्ल, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा स्टॅबिलायझर, मोजायची चाचणी. दुकानदार म्हणेल, "याची काही गरज नाही." गरज आहे.
- टाइल्स किंवा काँक्रीट असेल तर नायलॉनचा कडक ब्रश, आणि काळ्या ठिपक्यांसाठी स्टीलच्या तारांचा छोटा ब्रश. फायबर किंवा व्हिनाइलच्या पूलला तारेचा ब्रश लावायचा नाही.
- लांब दांड्याची जाळी, व्हॅक्यूमचं डोकं आणि पाइप.
- क्लोरीन: कॅल्शियम हायपोक्लोराइट (६५ ते ७० टक्के) किंवा द्रव सोडियम हायपोक्लोराइट (१० ते १२ टक्के).
- पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल, चढवायला धुण्याचा सोडा. आम्ल साधारण ३० टक्क्यांचं, स्वच्छ, पूलसाठी विकतात तेच घ्या. संडास साफ करायचं रंगीत ॲसिड नको.
- रबरी हातमोजे, गॉगल, प्लास्टिकची बादली, आणि साठवणीला उन्हापासून दूर, हवा खेळणारी जागा.

द्रव हायपो घेताना कॅनवरची तारीख बघा. उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोतून आलेला जुना कॅन नावाला १० टक्के असतो. प्रत्यक्षात त्यात निम्मीच ताकद उरलेली असू शकते.

दोन गोष्टी फडताळाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. टीसीसीए (पूलची नेहमीची पावडर किंवा गोळी) आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एकत्र करायचे नाहीत, एकाचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात घालायचा नाही: आग लागते, स्फोटही होतो. आणि क्लोरीन व आम्ल कधीही एकत्र करायचं नाही: विषारी वायू निघतो. रसायन नेहमी पाण्यात घालायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही.

४. पाण्याचा हिशेब आणि पीएच

पूल किती लिटरचा आहे हे बहुतेक मालकांना ठाऊक नसतं, आणि म्हणूनच "दोन डबे" हे माप चालतं. लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि गुणिले हजार. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल म्हणजे ४०,००० लिटर. फुटांत मोजलं असेल तर घनफुटांना २८.३ ने गुणा. खालचे सगळे आकडे या ४०,००० लिटरच्या पूलसाठी आहेत, तुमच्या पूलप्रमाणे कमी-जास्त करा. एवढ्या पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने (लिटरमागे एक मिलिग्रॅमने) वाढवायला ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो.

हिशेब झाला की जाळीने पानं, फांद्या, मेलेले बेडूक काढून टाका. कुजणारं प्रत्येक पान क्लोरीन खातं. तळ दिसत नसला तरी जाळी तळापर्यंत फिरवा. हे काम दिवसा करा आणि हात घालू नका. पावसाळ्यात स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत साप निघणं काही नवलाचं नाही.

मग पीएच. तो ७.२ ते ७.४ वर आणा. पीएच ७.२ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि ८ ला जेमतेम पाव. (पाण्यात स्टॅबिलायझर असेल तर फरक एवढा तीव्र पडत नाही, पण पीएच तरीही आधीच आणायचा.) उतरवायचा असेल तर एका वेळी पाव ते अर्धा लिटर आम्ल, पाण्याने भरलेल्या बादलीत मिसळून, पंप चालू ठेवून खोल बाजूला ओता. चार तासांनी पुन्हा मोजा. क्लोरीन टाकल्यावर हे मोजमाप जमत नाही, कारण क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेला की पीएचचे थेंब चुकीचा रंग दाखवतात.

५. स्टॅबिलायझर: पावडर टाकूनही पूल हिरवा का राहतो

आपल्याकडे पूलची "पावडर" किंवा गोळी म्हणजे बहुतेक वेळा टीसीसीए ९०. वापरायला सोपी, ताकदीची, सावकाश विरघळणारी. पण तिच्यात क्लोरीनसोबत सायन्युरिक आम्ल येतं. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम असलेलं चांगलंच. भानगड अशी की, क्लोरीन रोज खर्च होतो आणि हे आम्ल पाण्यातच राहतं. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही.

रोज १०० ग्रॅम टीसीसीए टाकलं तर आपल्या पूलमध्ये दिवसाला साधारण १.४ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो. महिन्याला ४०. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी बदललंच नाही तर तो २०० च्या वर गेलेला असतो. इतक्या स्टॅबिलायझरमध्ये क्लोरीन जखडल्यासारखा होतो. किट ३ पीपीएम दाखवतं, केअरटेकर म्हणतो क्लोरीन आहे, आणि शेवाळ त्याच पाण्यात वाढतं. दोघंही खरं बोलत असतात.

अंदाजासाठी नियम सोपा आहे. शेवाळ येऊ नये म्हणून क्लोरीन हा स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास हवा. आलेलं शेवाळ मारायला चाळीस टक्के हवा. म्हणजे स्टॅबिलायझर ३० असेल तर १२ पीपीएम, ५० असेल तर २०. १०० असेल तर ४०, आणि तिथे पोचून टिकणं खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही.

मोजायची पद्धत: पाण्यात रसायन मिसळलं की ते दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेएवढ्या उंचीवर धरून वाचा. ट्यूबलाइटखाली वाचलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आकडा ८० च्या वर आला तर पाणी थोडं थोडं बदलायचं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका, ताजं भरा, मगच पुढचं काढा. १२० असेल तर पहिल्या खेपेला ८०, दुसऱ्या खेपेला ५० च्या आसपास येतो. जोराचा पाऊस चालू असेल तर पूल आधीच एक फूट खाली करून ठेवा, वरून फुकटचं स्टॅबिलायझर नसलेलं पाणी येतंय. याउलट आकडा शून्याजवळ असेल तर क्लोरीन कडक उन्हात काही तासांत उडून जातो. तेव्हा सव्वा किलो स्टॅबिलायझर टाकून तो ३० वर आणा.

शेवाळ मारायच्या या आठवड्यात टीसीसीए पूर्ण बंद. तरंगत्या डब्यातल्या गोळ्याही काढून ठेवा.

६. क्लोरीनचा मारा

सूर्य कलल्यावर सुरू करा. स्टॅबिलायझर ३० धरला तर १२ पीपीएमसाठी ४८० ग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट पाऊण किलो किंवा १० टक्क्यांचं द्रव हायपो पाच लिटर. द्रव असेल तर पाणी परत येतं त्या नळीच्या तोंडाशी सावकाश ओता. दाणेदार असेल तर बादलीभर पाण्यात थोडं थोडं विरघळवून ओता. कोरडे दाणे तळावर पडले तर टाइल्सचा रंग उडतो. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर द्रवच बरं, कारण दुसऱ्यातून कॅल्शियम वाढतो आणि टाइल्सवर पांढरी पुटं चढतात. हार्डवेअरच्या दुकानातली ब्लीचिंग पावडरही चालते, पण तिचा चुना तळाला बसतो. रात्रभर ड्रममध्ये भिजवून वरची निवळीच घ्यावी लागते.

तासाभराने मोजा. कदाचित निम्मा क्लोरीन गायब झालेला असेल. घाबरू नका, शेवाळ मरतंय म्हणूनच तो खर्च होतोय. पुन्हा १२ वर आणा. पहिल्या दिवशी जमेल तितक्या वेळा, नंतर सकाळ-संध्याकाळ. बहुतेकांचा गाडा इथेच अडतो: रात्री मोठा डोस, सकाळी क्लोरीन शून्य, दिवसभर उरलेलं शेवाळ पुन्हा वाढतं, आणि पुढच्या शनिवारी परत पहिल्यापासून. तेवढाच क्लोरीन तीन दिवसांत वाटून, पातळी पडू न देता वापरला असता तर काम झालं असतं.

मोजताना एक फसगत होते. क्लोरीन खूप जास्त असला तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो, नळीत पाणी बिनरंगाचं दिसतं. "साहेब, क्लोरीन शून्य आहे," असा फोन येतो आणि वर आणखी दोन किलो पडतात. रंग चमकून गेला की समजा क्लोरीन भरपूर आहे. पूलचं एक माप पाणी आणि चार मापं बाटलीबंद पाणी एकत्र करून पुन्हा मोजा, आलेल्या आकड्याला पाचने गुणा. पिण्याच्या नळाचं पाणी यासाठी घेऊ नका, त्यातही क्लोरीन असतो.

७. घासा

क्लोरीनचा मारा चालू असताना रोज एकदा, जमलं तर दोनदा, भिंती आणि तळ घासा. शेवाळावर बुळबुळीत आवरण असतं, ते फाटल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. शिडीच्या मागे, दिव्यांच्या कडेने, स्किमरच्या तोंडात, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत जास्त जोर लावा, कारण पाण्याचा प्रवाह तिथे पोचत नाही. दिव्याची काच सैल असेल तर मागच्या खोबणीत शेवाळाचा गठ्ठा सापडतो. पण आधी मेन स्विच बंद करा.

काळ्या ठिपक्यांचं डोकं तारेच्या ब्रशने खरवडून काढा. ग्राउटच झिजलेलं असेल तर ते पुन्हा भरून घ्यावं लागेल, नाहीतर दरवर्षी तेच ठिपके त्याच सांध्यात.

८. फिल्टर आणि बॅकवॉश

पंप चोवीस तास चालू ठेवा. वीज जाणाऱ्या भागात असाल तर आली की लगेच चालू करायला कोणीतरी हवं.

स्वच्छ असताना सँड फिल्टरच्या काट्यावर किती दाब असतो तो आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा. त्याहून ८ ते १० पीएसआय वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुणं. पंप बंद करा, मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या झडपेचा) दांडा बॅकवॉशवर न्या, पंप चालू करा, काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं. पंप बंद, दांडा रिन्सवर, अर्धा-एक मिनिट. पंप बंद, दांडा फिल्टरवर. चालू पंपावर दांडा फिरवला तर आतलं गॅसकेट जातं आणि मग पाणी न गाळता परत पूलमध्ये येत राहतं, कळतही नाही. पहिल्या दोन दिवसांत दिवसातून दोन-तीनदाही बॅकवॉश करावा लागेल. हे क्लोरीनचं पाणी विहिरीकडे किंवा मासे असलेल्या ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

रंग बदलतो तो असा: गडद हिरवा, मग राखाडी-निळसर, मग दुधाळ, मग स्वच्छ. दुधाळ म्हणजे शेवाळ मेलंय आणि आता ते गाळायचं राहिलंय. इथे क्लोरीन वाढवून उपयोग नाही, फिल्टरला वेळ द्या.

घाई असेल तर तुरटी. साधारण दोन किलो, पाण्यात विरघळवून, दांडा रिसर्क्युलेटवर ठेवून सगळीकडे फिरवा. दोन तासांनी पंप बंद. रात्रभर कोणी पाणी हलवायचं नाही. सकाळी तळावर राखाडी गाळाची चादर दिसेल. दांडा वेस्टवर ठेवून व्हॅक्यूमने हा गाळ बाहेर काढा. फिल्टरमधून नेलात तर वाळू चोंदते. व्हॅक्यूम अगदी हळू सरकवा, जरा जोर झाला की चादर उठते आणि रात्र वाया जाते. तुरटीने पीएच खाली येतो, नंतर बघून धुण्याचा सोडा टाका.

मोरचुदाचं काय?

सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद घरात असतोच, आणि तो शेवाळ मारतो हेही खरं. पण त्यातलं तांबं पाण्यात उरतं. पीएच चढला की टाइल्सवर निळे-काळे डाग पडतात, पिकलेले केस हिरवट होतात, आणि बॅकवॉशचं पाणी तळ्यात गेलं तर मासे मरतात. क्लोरीन नीट ठेवलेल्या पूलला त्याची गरज पडत नाही. मी तो वापरत नाही.

९. संपलं हे कसं ओळखायचं

पाणी स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नका. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, सकाळी ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत ऊन नसतं, म्हणजे जो कमी झाला तो शेवाळाने खाल्ला. घट १ पीपीएम किंवा त्याहून कमी असेल, वापरून संपलेला क्लोरीन ०.५ पीपीएमच्या आत असेल आणि सगळ्यात खोल जागेचा तळ स्पष्ट दिसत असेल, तर काम झालं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. पिवळं शेवाळ असेल तर त्यानंतरही एक दिवस पातळी तशीच ठेवा. मग डोस थांबवा आणि क्लोरीन ४ पीपीएमच्या खाली आल्यावरच मुलांना उतरू द्या.

१०. पुढच्या वेळेसाठी

रोजचा क्लोरीन द्रव हायपोचा ठेवा. टीसीसीएच्या गोळ्या तुम्ही बंगल्यावर नसताना आठवडाभरासाठी ठीक, पण महिन्यातून एकदा स्टॅबिलायझर मोजायचाच. मोठ्या पावसानंतर त्याच संध्याकाळी क्लोरीन तपासा. आठवड्यातून एकदा घासणं, पाणी स्वच्छ दिसत असलं तरी. पंप दिवसाला सहा ते आठ तास.

पंपावर काट्याचा टायमर असेल तर तोही बघा. साध्या टायमरचं घड्याळ वीज गेली की थांबतं आणि वीज आल्यावर तिथून पुढे चालू होतं. दोन-चार वेळा वीज गेली की सकाळी नऊला चालू होणारा पंप मध्यरात्री चालू होतो आणि भर उन्हात पाणी स्थिर पडून राहतं. बॅटरीवाला टायमर घ्या, नाहीतर वीज आल्यावर काटा जुळवायचं काम केअरटेकरला सांगून ठेवा.